ओला की सुका? गांजाच्या वजनावर ठरणारी दहा वर्षं

पावसाळा संपत आला की सातपुड्याच्या पट्ट्यातून, विशेषतः धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातून, एकसारख्या बातम्या येऊ लागतात. कापसाच्या किंवा तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, इतके किलो माल जप्त, इतक्या लाखांचा मुद्देमाल. सोबत फोटो असतो. त्यात अधिकारी रांगेत उभे आणि त्यांच्यापुढे हिरव्यागार झाडांचा ढीग. बातमी वाचून आपण पुढे जातो. पण त्या ढिगाचा हिरवा रंग महत्त्वाचा आहे. हिरवा म्हणजे ओला, आणि ओल्या झाडाच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. आपला कायदा मात्र शिक्षा किलोवर मोजतो.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नशा हराम आहे, मग ती बाटलीतली असो, गोळीतली असो की चिलमीतली. गांजा मोकळा करा अशी मागणी आम्ही करत नाही. प्रश्न वेगळा आहे. एखाद्या तरुणाला एक वर्ष आत ठेवायचं, की दहा-वीस वर्षं, हे वजनावर ठरणार असेल, तर ते वजन कशाचं आणि कधी केलेलं, हे कायद्यात लिहिलेलं असायला नको का?

सुकल्यावर काय उरतं?

कोकणातल्या आपल्या घरांना हे समजावून सांगायची गरज नाही. ओले बोंबील आणि सुके बोंबील एका वजनाला, एका भावाने कोणी घेत नाही. उन्हाळ्यात वाळत घातलेली मिरची पोत्यात भरताना किती हलकी झालेली असते, हेही सगळ्यांना माहीत आहे.

गांजाच्या झाडाचंही तेच. ताज्या फुलोऱ्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. जिथे घरी लागवडीला परवानगी आहे, तिथे लोक कापणीनंतर फांद्या अंधाऱ्या, हवा खेळती असलेल्या खोलीत आठ-पंधरा दिवस टांगून ठेवतात. नंतर फुलं बंद बरणीत ठेवून आतली ओल सगळीकडे सारखी होऊ देतात. घाई केली किंवा ओल राहिली, तर बुरशी धरते. या सगळ्यातून गेल्यावर मालात दहा-बारा टक्के ओल राहते आणि मूळ वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा हाती येतो. जाड दांडे आणि मोठी पानं वेगळी काढली, की वजन आणखी उतरतं.

जर्मनी आणि कॅनडाने काय केलं?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. प्रौढ माणसाला घरात तीन झाडं लावता येतात, घरी ५० ग्रॅम आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ ठेवता येतो. घरचा माल दुसऱ्याला विकता येत नाही, फुकटही देता येत नाही, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी तो ठेवावा लागतो. त्या समाजाने हा रस्ता का धरला, हा त्यांचा प्रश्न. तिथेही त्यावर मोठा वाद आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या नव्या सरकारने कायद्याचं पुनर्मूल्यांकन करायचं ठरवलं.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या कायद्यात लिहिलं आहे की घरातल्या ५० ग्रॅमची मर्यादा वाळवल्यानंतरच्या वजनाला लागू होते. म्हणजे कापून टांगलेल्या ओल्या फांद्यांवरून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. अडचण तिथेही येते. तीन झाडं नीट वाढली, तर सुकल्यावरही माल ५० ग्रॅमच्या वर जाऊ शकतो. तो जादा माल नष्ट करावा लागतो. घरात ६० ग्रॅमच्या वर माल सापडला, तर फौजदारी गुन्हा होतो. नियम कडक आहे, पण नियम काय आहे हे प्रत्येकाला आधी माहीत असतं.

कॅनडाने २०१८ मध्ये याहून सोपा मार्ग काढला. त्यांच्या कायद्याच्या परिशिष्टात सरळ हिशेब दिला आहे: एक ग्रॅम सुका माल म्हणजे पाच ग्रॅम ताजा माल. पोलीस, वकील, न्यायाधीश सगळ्यांसाठी तोच आकडा. वाद घालायला जागाच ठेवली नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यातली गांजाची व्याख्या नीट वाचली, तर ती फार मर्यादित आहे. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील, तर बिया आणि पानं या व्याख्येत येत नाहीत. काही राज्यांत परवानाधारक दुकानांतून भांग विकली जाते, ती याच फटीमुळे. महाराष्ट्रात मात्र भांगेवरही राज्याच्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे, तेव्हा पानं म्हणजे मोकळीक असा अर्थ कोणी काढू नये.

शिक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. एक किलोपर्यंत माल हे ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत कैद. २० किलोच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’, त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षं, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. या दोन्हींच्या मधल्या मालाला १० वर्षांपर्यंत कैद. लागवडीचं कलम वेगळं आहे. त्यालाही १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गॅलरीतल्या कुंडीत हौसेने लावलेलं एक झाडही त्यात बसतं.

खरा फरक जामिनात पडतो. व्यावसायिक प्रमाण ठरलं, की कलम ३७ लागू होतं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर येऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला सुरू व्हायच्या आधीच ही परीक्षा. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात, ते वेगळंच.

आणि ही २० किलोची रेघ ओल्या मालाची की सुक्या मालाची? व्याख्येत त्याबद्दल शब्द नाही. प्रमाण ठरवणाऱ्या २००१ च्या अधिसूचनेतही नाही.

एका काट्यावर दोन माणसं

एक हिशेब मांडून बघू. एका शेतातून उपटलेल्या झाडांचा ढीग काट्यावर टाकला आणि २५ किलो भरला. गुन्हा व्यावसायिक प्रमाणाचा, जामीन जवळजवळ अशक्य, किमान शिक्षा १० वर्षं. तीच झाडं महिनाभर सावलीत वाळवून तोलली, तर पाच-सहा किलो भरतील. मग प्रमाण मधलं, कलम ३७ ची अट नाही, किमान शिक्षेचं बंधन नाही. दांडे आणि पानं वेगळी केली, तर आणखी कमी. माणूस तोच, माल तोच. फरक फक्त काटा कोणत्या दिवशी लावला याचा.

उलटा अन्यायही होतो. ज्याने सुका, दाबून बांधलेला १९ किलो माल आणला, त्याच्याकडे ओल्या हिशेबाने नव्वद-पंचाण्णव किलोचा माल आहे. तो मोठा व्यापारी असूनही मधल्या पायरीवर बसतो. शेतात पाणी देणारा मजूर मात्र वरच्या पायरीवर. मोठा मासा सुटतो आणि लहान अडकतो, ही तक्रार आपण नेहमी करतो. त्याचं एक कारण या काट्यात आहे.

न्यायालयांना हा घोळ दिसत नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात, जप्त केलेला हिरवा पानांचा माल फुलोऱ्यासकट होता का, हे स्पष्ट नसल्याकडे बोट ठेवत आरोपीला दिलासा दिला. शेतात झाडं सापडली एवढ्यावर लागवड सिद्ध होत नाही, ती त्यानेच लावली हे दाखवावं लागतं, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच मांडला आहे. पण दिलासा मिळतो तो उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत असलेल्याला. तालुक्याच्या गावातल्या हातगाडीवाल्याचा मुलगा तिथपर्यंत पोहोचेपर्यंत दोन-तीन ईद तुरुंगात निघून जातात.

नुकसान पोलिसांचंही

ओला माल तोलून गोणीत भरला आणि मुद्देमालाच्या खोलीत टाकला, की तो सुकतो किंवा कुजतो. वर्षभराने न्यायालयात वजन जुळत नाही. बचावाचा वकील विचारतो, बाकीचा माल गेला कुठे? कधी माल खरंच पळवलेला असतो, कधी फक्त पाणी उडालेलं असतं. दोन्हींत फरक करायला कागद नसतो आणि खटला ढिला पडतो. २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी तर साठवलेला ५०० किलोहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ल्याचं न्यायालयाला सांगितलं होतं. देशभर त्यावर हसू झालं.

जप्तीनंतर लवकरात लवकर दंडाधिकाऱ्यांसमोर यादी करून नमुने घ्यावेत, असं कलम ५२-अ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याची आठवण करून दिली, २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी नवे नियमही आणले. पण फुलोरा, पानं, दांडे वेगळे करून आणि सुकवून वजन घ्यायचं, ही साधी गोष्ट राहून गेली आहे.

हे आपल्याला का भिडतं?

महाराष्ट्रात आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११.५४ टक्के. तुरुंगात आपलं प्रमाण त्याहून जास्त आहे, आणि त्यात कच्च्या कैद्यांची संख्या मोठी आहे. २०२१ मध्ये तत्कालीन मंत्री नवाब मलिक यांच्या जावयाला सुमारे २०० किलो मालाच्या प्रकरणात अटक झाली. प्रयोगशाळेच्या अहवालात १८ पैकी ११ नमुन्यांत गांजा नव्हता. जामीन मिळेपर्यंत आठ महिने गेले होते. मंत्र्याच्या घरची ही गत, तर बाकीच्यांचं काय? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्याच प्रकरणात सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी राहिलेल्या एका तरुणाला जामीन दिला आणि सांगितलं की खटला इतका रेंगाळत असेल, तर कलम ३७ आड येऊ शकत नाही. सात वर्षांत घरातली किती माणसं जातात, किती लग्नं मोडतात, ते त्या घरालाच ठाऊक.

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जर्मनीत चालतं म्हणून बॅगेत चिमूटभर घेऊन मुंबईला उतरलं, तर एनडीपीएस लागतो. शिवाय हा कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. बँकॉकहून येणारा, खोलीत दिव्यांखाली वाढवलेला ‘हायड्रोपोनिक’ गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. विमानाचं तिकीट आणि चार दिवसांची मौज देऊन कोणी मुलाला बॅग आणायला सांगत असेल, तर ती मौज नाही, सापळा आहे.

घरच्यांनी काय पाहावं?

प्रसंग आलाच, तर रडण्यात आणि दलालांच्या मागे धावण्यात पहिले दिवस घालवू नका. पंचनाम्याची प्रत मिळवा आणि वकिलासोबत बसून वाचा. माल ओला होता की सुका, हे लिहिलं आहे का? फुलोरा, पानं, दांडे वेगळे तोलले का? गोणीचं वजन वजा केलं का? दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने कधी घेतले? जप्तीच्या वेळचा फोटो किंवा व्हिडिओ आहे का? वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १५१०० हा त्यांचा मोफत क्रमांक आहे.

मुलाला व्यसन लागलं असेल, तर लपवू नका. कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या प्रकरणात कारवाईपासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे. मोहल्ल्यात बदनामी होईल या भीतीने आपण जे झाकतो, ते पुढे पोलीस ठाण्यात उघडं पडतं.

सरकारकडे मागणी एका ओळीची आहे. वजन सुक्या फुलोऱ्याचं धरा, किंवा ओल्या-सुक्याचं ठरावीक गुणोत्तर अधिसूचनेत लिहा. त्याने एकाही तस्कराला सूट मिळणार नाही, उलट सुका माल वाहणारा नीट पकडला जाईल. आपल्या जमातींनी, वकील मंडळींनी आणि आमदारांनी हा मुद्दा हाती घ्यावा. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात अख्खी एक सूरह आहे. ती आपण फक्त दुकानदारांना ऐकवतो. सरकारी काट्यालाही तीच कसोटी लावायला हवी.