गिअर नसलेल्या स्कूटरचा पट्टा



ट्रॅक्टरच्या देखभालीवर या सदरातून पुष्कळ लिहून झाले, फवारणी पंपावर झाले, पाण्याच्या मोटारीवरही झाले. पण आज गावात फिरताना गोठ्याच्या दारात, ओसरीत, कांदाचाळीच्या सावलीत जे यंत्र सर्वांत जास्त दिसते, त्याच्याविषयी एक ओळही लिहिली गेली नव्हती. ते यंत्र म्हणजे गिअर नसलेली स्कूटर. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन डेअरीला जातात, दहा वाजता सूनबाई अंगणवाडीत जातात, दुपारी खताची गोणी पायापाशी ठेवून शेतात येते, आणि संध्याकाळी घासाचा भारा मागे बांधून घरी परतते. एवढे राबणाऱ्या बैलाच्या खुराला आपण नाल मारतो, शिंगाला तेल लावतो. स्कूटरच्या डाव्या अंगाला जे लांबट झाकण असते त्याच्या आत काय आहे, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसते.

त्या झाकणाच्या आत एक रबरी पट्टा आहे. तो तुटला की इंजिन फुरफुरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. कधी कधी तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे आत अडकून चाक जाम होते, आणि मागे चाळीस लिटरचा कॅन असताना, रस्ता उताराचा असताना, तसे होणे किती वाईट हे सांगायला नको. पट्टा सहसा अवचित तुटत नाही. तो आधी बरेच दिवस खुणा देत असतो. त्या खुणा ओळखणे आणि झाकण उघडून आतली साफसफाई करणे, एवढे घरी करता येते. कोणत्या टप्प्याला हात थांबवावा, तेही सांगतो.

प्रथम रचना समजून घेऊ. तुम्ही इंजिनावर कडबाकुट्टी चालवलेली आहे. इंजिनाची पुली लहान आणि कुट्टीची मोठी असली की वेग कमी पण जोर जास्त मिळतो. पुल्या अदलाबदल केल्या तर उलटे होते. स्कूटरमध्येही दोन पुल्या आहेत, पुढची इंजिनाच्या दांड्यावर आणि मागची चाकाच्या बाजूला. गंमत अशी की या पुल्या चालता चालता स्वतःच लहान-मोठ्या होतात. प्रत्येक पुली दोन तिरक्या थाळ्यांची बनलेली असते. थाळ्या एकमेकींपासून दूर गेल्या की पट्टा आत दांड्याजवळ बसतो, म्हणजे पुली लहान झाली. थाळ्या जवळ आल्या की पट्टा कडेवर चढतो, म्हणजे पुली मोठी झाली. पुढच्या पुलीच्या सरकत्या थाळीमागे छोटे गोल रोलर असतात, बहुधा सहा. इंजिन जोरात फिरू लागले की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेरच्या बाजूला धाव घेतात, मागच्या उताराच्या पत्र्यावर चढतात आणि थाळीला पुढे रेटतात. पट्टा पुढे कडेवर चढतो. त्याची लांबी तर ठरलेली. म्हणून मागच्या पुलीत तो स्प्रिंगला दाबून खोल उतरतो. झाला वरचा गिअर! चढ लागला, वेग पडला, की स्प्रिंग सगळे पुन्हा पूर्ववत करते. मागच्या पुलीवरच क्लच बसवलेला असतो. त्याचे जोडेही असेच वेगाने बाहेर फाकतात आणि बाहेरच्या लोखंडी वाटीला धरतात.

ही कल्पना नवी नव्हे. हॉलंडमधील डाफ कंपनीने ह्युब फान डोर्न यांच्या डोक्यातून निघालेली अशी पट्ट्यावर चालणारी मोटार 1958 साली दाखवली होती. आपल्याकडे ती 1980 च्या दशकात पीथमपूरच्या कायनेटिक होंडाबरोबर आली, आणि 2001 साली अ‍ॅक्टिव्हा आल्यावर खेड्यापाड्यांत पसरली. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची रचना निराळी असते. तिला आजचा मजकूर लागू नाही.

आता खुणा. गाडी निघताना अंग थरथरते का? तर क्लचच्या जोड्यांवर धूळ बसली आहे किंवा ते घासून काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, पूर्वी सहज चढणारा बांध आता रडत चढते, असे असेल तर पट्टा अंगाने झिजून अरुंद झाला असावा किंवा घसरत असावा. पुढच्या बाजूने टकटक आवाज येतो तेव्हा रोलर एका अंगाने चपटे झालेले असतात. गाडी मधल्या स्टँडवर असताना, मूठ न पिळताही मागचे चाक जोराने फिरते आणि ब्रेकने थांबवले तर इंजिन दबते, अशा वेळी इंजिनाची मंद चाल फार वाढवलेली असते किंवा क्लचच्या बारीक स्प्रिंग तुटलेल्या असतात. आणि जळक्या रबराचा वास आला तर त्या दिवशी गाडीवर भार घालूच नये.

गाडी नवी असून कंपनीची हमी शिल्लक असेल तर मात्र झाकणाला हात लावू नका. हमी संपल्यावर वर्षातून एकदा, सुगीची मळणी आटोपल्यावर, हे काम काढावे. मळणीचा भुसा आणि कापसाची तूस या झाकणात किती शिरते ते पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट कठीण जागी उभी करा. किल्ली काढून खिशात ठेवा आणि प्लगची टोपी ओढून घ्या, म्हणजे कुणी पोराने सहज बटण दाबले तरी इंजिन सुरू होणार नाही. गाडी निवायला तासभर द्या. नाकावर ओला रुमाल बांधा. क्लचच्या व ब्रेकच्या जोड्यांची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, जुन्या जोड्यांत तर अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. म्हणून ती तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या पाइपाने उडवूही नये. ओलसर चिंधीने टिपून घ्यावी आणि चिंधी पुरून टाकावी.

झाकणाच्या बोल्टांना बहुधा आठ नंबरचा बॉक्स पाना लागतो. काही गाड्यांत हवेच्या गाळणीचा डबा आधी सैल करून बाजूला घ्यावा लागतो. सगळे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात घातला की आटे गेलेच म्हणून समजा. यासाठी एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढावा, बोल्टांच्या जागी भोके पाडावीत आणि जो बोल्ट जिथून निघाला तो तिथेच खोचावा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर आणखी बरे. बाकीचे सामान परातीत ठेवा. झाकण निघत नसेल तर पेचकस घालून उचकटू नका. लाकडी ठोकळ्याने कडेने हलके ठोका. आतील दोन लहान पोकळ पिना आणि कागदी पॅकिंग सांभाळा.

झाकण निघाले की पट्टा समोर दिसतो. बॅटरीच्या उजेडात त्याची बाहेरची पाठ आणि आतले दाते पाहा. पट्टा गाडीवरच असताना मधल्या भागात अंगठ्याने किंचित वाकवून दात्यांच्या खोबणीत चिरा आहेत का ते तपासा. कडेचे दोरे सुटले असतील, कुठे दाता तुटला असेल, अंग काचेसारखे चकाकत असेल, तर पट्टा बदलायचा झाला. तळाशी थोडी काळी भुकटी सापडणे स्वाभाविक आहे. मूठभर सापडली तर नाही. रुंदी मात्र डोळ्यांनी कळत नाही. ती व्हर्निअरने मोजून गाडीच्या पुस्तकातील मापाशी ताडावी लागते. एक-दीड मिलिमीटरच्या झिजेनेही गाडीचा वरचा वेग पडतो. काही कंपन्यांच्या पुस्तकांत चोवीस हजार किलोमीटरला पट्टा बदला असे लिहिलेले असते. आपल्या पुस्तकात काय आहे ते पाहा आणि भार वाहणाऱ्या, धुळीत फिरणाऱ्या गाडीला त्याच्या थोडे अलीकडेच थांबवा. पट्टा कंपनीचाच घ्या. बाजारात नक्कल स्वस्तात मिळते, पण पट्ट्याच्या बाबतीत तसली काटकसर मला पटत नाही.

पट्ट्याच्या घरात तेलाचा थेंब दिसला तर तिथेच थांबा. तेल दांड्याच्या सीलमधून येते आणि सील बसवणे फिटरचे काम आहे. तेल लागलेला पट्टा धुऊन पुन्हा वापरू नये. पट्ट्याला पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांपैकी काहीच लागता कामा नये. ‘रोलरला थोडे ग्रीस चोपडतो, आवाज जाईल’ असे म्हणणारे कारागीर भेटतात. बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच चालायचे असतात. ग्रीसवर धूळ बसून त्याची काजळी होते. पुस्तकात ग्रीस सांगितले असेल तेवढ्याच जागी, तेवढेच लावावे.

पुराच्या पाण्यातून किंवा ओढ्यातून गाडी काढली आणि नंतर ती जागेवरच गुरगुरू लागली, तर पट्ट्याच्या घरात पाणी शिरलेले असते. मूठ पिळत राहिले की पट्टा घसरून तापतो आणि एकाच जागी झिजतो. गाडी ढकलत घरी आणावी, झाकण काढून सगळे कोरड्या कापडाने पुसावे आणि तासभर वारा लागू द्यावा. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

इथपर्यंतचे काम कोणीही करावे. पट्टा उतरवायचा असेल तर पुढे दोन मोठे नट सोडावे लागतात आणि त्यासाठी दोन साधने हवीतच: पुली धरून ठेवण्याची पकड आणि ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना. पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवून नट सोडणारे लोक मी पाहिले आहेत. एक पाते तुटले की पुलीचा तोल जातो आणि गाडी कायमची थरथरते. चार-पाच घरांनी मिळून ही साधने घ्यावीत. पेरणीयंत्र आपण असेच घेतो ना? साधने नसतील तर इथून पुढचे काम गॅरेजवर सोपवा, त्यात कमीपणा नाही. मात्र तिथे उभे राहून पाहा.

पुढची पंख्याची थाळी काढली की पट्टा सैल होतो. मागची क्लचची वाटी काढली की क्लच आणि पुली पट्ट्यासकट बाहेर येते. पुढची सरकती थाळी काढताना तिच्यामागचा पत्रा अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर रोलर ओसरीभर पळतात. रोलर कोणत्या तोंडाने बसले होते ते पाहून ठेवा. एकही चपटा झाला असेल तर सगळाच संच बदलावा. क्लचच्या जोड्यांवरची चकाकी पॉलिश पेपरने हलकी काढा. थाळ्यांसाठी ब्रेक साफ करण्याचा फवारा चिंधीवर घेऊन वापरा आणि त्या पुरत्या सुकू द्या. क्लचला पुलीशी जोडणारा मधला मोठा नट मात्र घरी कधीही सोडू नये. त्याच्यामागे दाबलेली जोरदार स्प्रिंग असते. ती सुटली तर जबडा फोडील. हे मी कडक शब्दांत सांगतो.

जोडणी करताना पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला ठेवा. जुनाच पट्टा असेल तर पूर्वी जसा होता तसाच. आता या सगळ्या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट. मागच्या पुलीच्या थाळ्या हातांनी फाकवून पट्टा आत खोल दाबा, म्हणजे तो पुढे सैल पडेल. मगच पुढची पंख्याची थाळी बसवून नट आवळा. असे केले नाही तर पट्टा पुढे दोन थाळ्यांच्या मध्ये चिमटतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण थाळी दांड्यावर पुरती बसलेलीच नसते. चार-आठ दिवसांनी पट्टा सरकतो, नट ढिला होतो, थाळीचे आणि दांड्याचे दाते खाल्ले जातात, आणि काही शेकड्यांच्या पट्ट्यासाठी इंजिनाचा दांडा बदलण्याची पाळी येते. आमच्या भागात दूध घालणाऱ्या एका बाईंच्या गाडीचे हेच झाले. तिचे घर त्या गाडीवर चालत होते आणि गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून राहिली. म्हणून थाळी दाते जुळून आत बसली आहे, पट्टा मध्ये सैल हलतो आहे, हे डोळ्यांनी पाहूनच टॉर्क पाना लावा. जोराचा आकडा पुस्तकातला घ्या. नंतर पंखा हाताने फिरवत राहा. मागचा पट्टा हळूहळू कडेवर येऊन बसेल.

झाकण लावताना सर्व बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा आणि मग समोरासमोरचे आवळा. झाकण लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका; फिरत्या पट्ट्यात लुगड्याचा पदर किंवा बोट जायला क्षणही लागत नाही. पहिला किलोमीटर बिनभाराचा काढा.

मागच्या चाकाजवळ लहानसा गिअरबॉक्स असतो आणि त्याचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते. याचा विसर फार लोकांना पडतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीला ते सुमारे शंभर-सव्वाशे मिलिलिटर लागते. पुस्तकात सांगितलेले तेल, सांगितलेले माप आणि बोल्टाखाली नवा वायसर, एवढे केले म्हणजे झाले. काढलेले जुने तेल गोठ्याच्या नालीत किंवा विहिरीकडे उतरणाऱ्या पाटात ओतू नका; बाटलीत भरून गॅरेजवर द्या.

वापरण्याच्या सवयीविषयी एकच सांगतो. चढावर भार घेऊन थांबावे लागले तर मूठ पिळून गाडी जागेवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. नुसत्या मुठीवर तोललेल्या गाडीत क्लच आणि पट्टा दोन्ही जळत असतात.

पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा डिकीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा. पुढील अंकात कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावण्याविषयी.