धुराचं बिल कोण भरणार?

मुलांनो, आज एका कोड्याने सुरुवात करू. एक लीटर पेट्रोलचं वजन भरतं साधारण पाऊण किलो. इंजिनात ते जळलं की सायलेन्सरमधून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो सुमारे २.३ किलो! पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून जास्त? ही काय जादू?

जादूबिदू काही नाही. जळताना पेट्रोलमधल्या कार्बनचा एकेक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू पकडतो, आणि ऑक्सिजनचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा जड असतो. म्हणजे त्या २.३ किलोतला मोठा वाटा हवेतूनच आलेला. आठवी-नववीच्या दोस्तांनी कार्बन १२ आणि ऑक्सिजन १६ असे अणुभार धरून हे गणित जरूर करून पाहावं.

आता दुसरा प्रश्न. पंपावर आपण पैसे मोजतो ते त्या पाऊण किलो पेट्रोलचे. मग २.३ किलो वायूचे पैसे कोण देतं? समजा, एक पाणीपुरीवाला रोज उष्ट्या प्लेटा रस्त्यावरच टाकून जातो. पाणीपुरी स्वस्त पडते, खाणारे खूश, विकणारा खूश. पण सकाळी झाडू मारायचा खर्च पडतो सगळ्या गावावर, ज्यांनी पाणीपुरी चाखलीही नाही त्यांच्यावरसुद्धा. धुराचं अगदी तसंच आहे. वायू साठून पृथ्वी तापते, पाऊस लहरी होतो, आणि त्याची झळ ज्याच्याकडे साधी सायकलही नाही अशा शेतकऱ्यालाही बसते.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली अशा नुकसानीवर एक उपाय सुचवला होता. जो घाण करतो, त्याच्या मालाच्या किमतीतच सफाईचा खर्च कराच्या रूपाने घाला. हीच कल्पना कार्बन डायऑक्साइडला लावली की झाला 'कार्बन कर'. जितका वायू सोडाल तितके पैसे.

ऐकायला किती सोपं! कर लावला, पेट्रोल महागलं, लोकांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या, संपलं. पण थांबा, जरा आकडेमोड करू. टनाला १,००० रुपये कर धरू. टन म्हणजे १,००० किलो, तेव्हा किलोला १ रुपया. लीटरमागे वायू २.३ किलो, म्हणून पेट्रोल लीटरमागे महागलं २ रुपये ३० पैशांनी. एखादं कुटुंब वर्षाला १०,००० किलोमीटर गाडी चालवतं आणि गाडी लीटरला १५ किलोमीटर देते, तर वर्षाचा जादा खर्च साधारण १,५०० रुपये. आता सांगा, दीड हजारासाठी कुणी लाखांची गाडी बदलेल का? बाबा थोडे कुरकुरतील आणि टाकी भरून घेतील!

मग कर दहापट करा, असं कुणी म्हणेल. तेही इतकं सरळ नाही. फ्रान्समध्ये २०१८ साली कार्बन कर टनाला ४४.६० युरो होता आणि पुढच्या जानेवारीत तो आणखी वाढायचा होता. नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटं घातलेले हजारो लोक रस्त्यांवर उतरले. त्यांत खेड्यांतले आणि लहान गावांतले लोक खूप होते. पॅरिसमध्ये राहणाऱ्याला मेट्रो आहे. ज्याच्या गावात बसच येत नाही त्याने कामावर जायचं कसं? शेवटी डिसेंबरमध्ये सरकारने वाढ मागे घेतली. मला विचाराल तर त्या लोकांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत आणि जुनी चालवायला परवडत नाही, अशी त्यांची कोंडी झाली होती.

याउलट नॉर्वेची गोष्ट. या देशानेही १९९१ मध्येच कार्बन कर लावला. पण विजेच्या गाड्यांची मजेदार सुरुवात त्याआधीच झाली होती. १९८९ साली 'आ-हा' या प्रसिद्ध बँडचे मॉर्टन हार्केट आणि मॅग्ने फुरुहोल्मेन, तसंच 'बेलोना' या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक छोटी फियाट पांडा देशात आणली. ही मंडळी टोलनाक्यावरून जायची, पण टोल द्यायची नाहीत! धूर नाही तर टोल कशाला, हा त्यांचा सवाल. दंड थकला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली. ती विचित्र गाडी घ्यायला दुसरं कोण येणार? यांनीच ती किरकोळ किमतीत सोडवून आणली आणि पुन्हा नाक्यावर हजर! हे नाटक कितीतरी वेळा झालं. १९९० पासून विजेच्या गाडीला खरेदीवरचा भारी कर माफ झाला, १९९७ मध्ये टोल माफ झाला आणि २००१ मध्ये व्हॅटही गेला.

गंमत अशी, की इतकं होऊनही बरीच वर्षं रस्त्यावर विजेच्या गाड्या तुरळकच होत्या. कारण सवलती होत्या, पण धड गाड्याच नव्हत्या. २०१० नंतर चांगल्या गाड्या बाजारात आल्या आणि मग मात्र चित्र पालटलं.

तिथल्या इलेक्ट्रिक वाहनधारकांच्या संघटनेने काही वर्षांपूर्वी केलेला एक हिशेब पाहा. फोक्सवॅगन गोल्फ ही गाडी पेट्रोलची घ्यायची की विजेची? करांआधी पेट्रोलची गोल्फ सुमारे २२,००० युरोला आणि विजेची सुमारे ३३,००० युरोला. म्हणजे विजेची चांगली दीडपट महाग! आता त्यावर कर चढवा. पेट्रोलच्या गाडीला तिच्या कार्बन डायऑक्साइडचा कर ४,३४८ युरो, वजनाचा वेगळा, दुसऱ्या विषारी वायूचा वेगळा, वर व्हॅट ५,५१२ युरो. विजेच्या गाडीला यातलं काहीच नाही. बिल हातात आलं तेव्हा पेट्रोलची गाडी ३४,०७६ युरो आणि विजेची ३३,२८६ युरो!

फरक लक्षात आला का? कर धुरावरचाच, पण त्याचा मोठा घाव पंपावर थेंबाथेंबाने न पडता दुकानात, गाडी निवडण्याच्या क्षणी पडला. शिवाय समोर दुसरी गाडी त्याच किमतीत उभी होती. फ्रान्समधल्या त्या खेडुतासमोर तशी ती नव्हती.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्वेतल्या नोंदणीकृत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त झाल्या. २०२५ साली तिथे विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९६ विजेच्या होत्या.

आपणही तसंच करून टाकू, असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. नॉर्वेची सुमारे नव्वद टक्के वीज धबधबे आणि धरणांच्या पाण्यावर होते. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडीसारखी केंद्रं कोळशावर चालतात. तेव्हा आपली विजेची गाडी रस्त्यात धूर सोडत नसली तरी तिच्या वाट्याचा थोडा धूर तिकडे निघतोच. उद्या कोळशावर कार्बन कर बसला तर गाडी चार्ज करणंही महागेल. करमाफीची वाट आपणही थोडी चाललो आहोत, बरं का. २०१९ पासून विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे, पेट्रोलच्या गाड्यांवर त्याहून बराच जास्त.

आणि नॉर्वेचा हा थाट फुकट आलेला नाही. श्रीमंतांनी महागड्या विजेच्या मोटारी व्हॅट न भरता घेतल्या आणि सरकारच्या तिजोरीत अब्जावधी क्रोनर कमी आले. म्हणून २०२३ पासून गाडीच्या ५ लाख क्रोनरवरच्या किमतीवर व्हॅट सुरू झाला. त्याआधीच पूर्ण टोलमाफीही गेली होती. एवढं सोसायला जो पैसा लागतो, तो या देशाकडे आला कुठून? समुद्रातून काढून जगाला विकलेल्या खनिज तेलातून आणि वायूतून! ते तेल दुसऱ्या देशांत जळतं आणि त्याचा धूर नॉर्वेच्या हिशेबात धरलाच जात नाही.

जाता जाता एक घरचा अभ्यास. तुमच्या घरची स्कूटर किंवा मोटार वर्षाला किती किलोमीटर धावते आणि लीटरला किती देते, हे आई-बाबांना विचारा. मग टनाला १,००० रुपये दराने तिच्या धुराचं वर्षाचं बिल काढा. गाडी डिझेलची असेल तर लीटरमागे २.३ ऐवजी सुमारे २.७ किलो धरा. आणि ज्यांच्या घरी गाडीच नाही, त्यांनी शाळेच्या बसचं काढावं. फक्त आलेल्या उत्तराला बसमधल्या मुलांच्या संख्येने भागायला विसरू नका!