मृतांना नागरिकत्व, जिवंतांची चौकशी

इटलीचा पासपोर्ट म्हणजे गडद लाल रंगाची एक लहानशी पुस्तिका. ती ज्याच्या हाती आहे त्याला आगाऊ व्हिसा न काढता जगातील बहुसंख्य देशांचे दार उघडते. युरोपीय संघातील कोणत्याही देशात तो राहू शकतो, नोकरी करू शकतो. देश सोडण्याचे आणि परतण्याचे स्वातंत्र्य त्याला संविधानाच्या १६व्या कलमाने दिले आहे. हे त्याचे भाग्य आहे; पुण्याई नव्हे. हा भेद आपण विसरत चाललो आहोत, म्हणून हा लेखप्रपंच.

‘यायचे तर रीतसर कागदपत्रे घेऊन यावे, होडीत बसून मरायला कोणी सांगितले?’ असे उद्गार मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरतानाही कानी पडतात. रीतसर म्हणजे कसे? एरिट्रियातील तरुणाला स्वदेश सोडण्यासाठीच सरकारचा परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही. ज्याला घरचाच दरवाजा बंद, त्याने परक्याच्या दारावरची घंटा कशी वाजवावी?

३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुसा बेटाजवळ होडी पेटून उलटली. साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतील बहुतेक एरिट्रियाची होती. हे मृत आता इटलीचे नागरिक आहेत, असे पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. आणि जे वाचले त्यांची? बेकायदा प्रवेशाबद्दल चौकशी! नागरिक होण्यासाठी बुडावे लागते, असाच याचा अर्थ नव्हे काय?

ज्या देशाने हे केले तो स्वतः देशांतराचे दुःख जाणतो. १८७६ नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे अडीच कोटी इटालियन पोटासाठी परदेशी गेले. पोप फ्रान्सिस यांचे वडील १९२९ साली अर्जेंटिनाला पोहोचले ते त्यांच्यापैकीच. म्हणूनच की काय, पोपपदी आल्यावर रोमबाहेरच्या पहिल्या भेटीसाठी फ्रान्सिस यांनी लाम्पेदुसाच निवडले. त्या भेटीनंतर तीन महिन्यांच्या आतच ती होडी बुडाली.

१९९२च्या कायद्यानुसार, इटली कधी न पाहिलेल्या पणतूलाही रक्ताच्या नात्याने हा पासपोर्ट मिळू शके. ती सवलत २०२५ साली आजी-आजोबांपर्यंत आखडली गेली. परंतु परदेशी आईबापांच्या पोटी रोममध्येच जन्मलेले, तेथील शाळेत इटालियनमधून प्रार्थना शिकलेले मूल आपल्या हक्काने अर्ज करण्यासाठी आजही अठराव्या वर्षाची वाट पाहते. प्रौढ परदेशीयांची वास्तव्याची अट दहा वर्षांवरून पाचवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झाले. पुरेसे मतदारच आले नाहीत.

राष्ट्राला सीमा असाव्यात, हे कोण नाकारतो? पण सीमा ही व्यवस्था आहे, माणसाच्या लायकीची मोजपट्टी नव्हे. संत पौलाने येरुशलेमात आपण रोमी नागरिक असल्याचे सांगताच शिपाई मागे सरले आणि चाबूक थांबला. तेथील सरदाराने तेच नागरिकत्व मोठी रक्कम मोजून घेतले होते. पौलाला ते जन्माने लाभले होते. त्या हक्काचा उपयोग पौलाने केला, गर्व केला नाही.

पौल रोमी होता, म्हणून त्या दिवशी त्याचे फटके चुकले. ज्याचा तो प्रेषित होता, तो नाझरेथचा सुतार रोमी नागरिक नव्हता. त्याला फटके बसले आणि क्रूसही मिळाला. कागदावरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्यांनी आता सांगावे, त्या दोघांत थोर कोण?