चुलीजवळची उपासना

नाताळचा सण जवळ आला की वसईच्या वाड्यांतून, अहिल्यानगरच्या ख्रिस्ती वस्त्यांतून आणि गोव्याच्या गावोगावी चांदण्यांच्या आकाराचे कंदील लखलखू लागतात. गोव्यात नेवऱ्या आणि दोदोल यांची ताटे रुमालाखाली झाकून शेजारच्या हिंदू घरी पोहोचतात. चवथीला त्या घरातून आलेल्या ताटाची ती प्रेमाची परतफेड असते. हा शेजारधर्म आमच्या समाजाचे भूषण आहे यात संशय नाही. तथापि शेजाऱ्याच्या ताटातील पदार्थ आपण आवडीने खातो, मग त्याच्या अंतःकरणातील श्रद्धेची चव घेण्यास मात्र आपण संकोच का करावा? ज्याची स्वतःच्या देव्हाऱ्यावरील निष्ठा दृढ आहे, त्याला दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील दिवा पाहून भय वाटण्याचे कारण नाही. म्हणून या सणाच्या निमित्ताने ख्रिस्ती उपासनेचे एक अंग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते अंग प्रार्थनामंदिराच्या भव्य कमानींखाली नव्हे, तर चूल, केरसुणी, कणिक आणि खरकटी भांडी यांच्या सान्निध्यात वाढले आहे.

येशू ख्रिस्ताचा उपदेश ज्यांनी वाचला असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. गहन तत्त्व सांगावयाचे झाले की तो श्रोत्यांना शास्त्रार्थाच्या अरण्यात नेत नाही, त्यांच्याच घरात नेऊन उभे करतो. देवाचे राज्य कसे वाढते? तर एका स्त्रीने तीन मापे पिठात थोडे खमीर कालवून ठेवावे आणि सारे पीठ फुगून यावे, तसे. तीन मापे पीठ म्हणजे शंभराच्या घरात माणसे जेवतील एवढे, असे अभ्यासक मानतात. आणि खमीर ते किती? चिमूटभर! आमच्या गृहिणींना या दृष्टांतावर भाष्य नको. रात्री दुधास लावलेले विरजण आवाज न करता आपले काम कसे करते, हे त्या नित्य पाहतात. पापी मनुष्य परत आला असता स्वर्गात किती आनंद होतो? तर दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून, घर झाडून, कानाकोपरा धुंडाळणाऱ्या बाईला ते सापडल्यावर होतो आणि ती शेजारणींना हाक मारून सांगते, तसा. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, दिवा मापाखाली झाकू नये, मिठाचा खारटपणा गेला तर ते कशाचे, ही सारी उदाहरणे घरातलीच.

यामागे केवळ वक्तृत्वाची युक्ती नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच असा की परमेश्वर मनुष्य झाला आणि तो राजवाड्यात न जन्मता गव्हाणीत निजला. पुढे त्याने उपदेश केला तो सुमारे तीन वर्षे; त्याआधीची जवळजवळ तीस वर्षे नाझरेथ या लहानशा गावात, सुताराच्या घरी गेली. त्या दीर्घ काळाविषयी शुभवर्तमानांत फारच थोडे लिहिलेले आहे. परंतु ख्रिस्ती भाविकांनी त्या मौनातूनच मोठा बोध घेतला. ज्या हातांनी पुढे रोगी बरे झाले असे ते मानतात, तेच हात त्याआधी रंधा आणि करवत चालवीत होते. मग रंधा, करवत, पळी आणि झारा यांना अपवित्र कोण म्हणणार?

ही गोष्ट बोलण्यास सोपी, आचरण्यास कठीण. ती आचरणात आणलेल्या एका साध्या माणसाचे चरित्र या प्रसंगी स्मरण्याजोगे आहे. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात सतराव्या शतकाच्या आरंभी निकोला एर्मां नावाचा एक गरीब मुलगा जन्मास आला. युरोपात 1618 पासून 1648 पर्यंत जे घोर युद्ध चालले त्यात तो शिपाई होता. त्यात जखमी झाला आणि त्या दुखण्याने पाय जन्मभर अधू राहिला. अठराव्या वर्षी त्याने हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, मग फळे धरतील, हा विचार मनात येताच परमेश्वराच्या सामर्थ्याची व काळजीची अशी खूण त्याला पटली की ती पुढे कधीही पुसली गेली नाही. कोणी गुरू भेटला नाही, कोणता ग्रंथ उघडला नाही. एका उघड्याबोडक्या झाडाने त्याला दीक्षा दिली म्हणा ना!

पुढे काही काळ त्याने एका श्रीमंताकडे चाकरी केली. आपण अगदीच धांदरट होतो आणि हातातली वस्तू फोडल्यावाचून राहत नव्हतो, असे तो मागाहून हसत सांगे. 1640 मध्ये तो पॅरिसमधील कार्मेलाइट संन्याशांच्या मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. तो विद्वान नव्हता; धर्मगुरूचा अधिकार त्याला नव्हता; तो मठातील सेवक बंधू. त्याला काम मिळाले ते स्वयंपाकघराचे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्याला स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. उलट स्वभावतः त्या कामाचा त्याला तिटकारा होता. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते काम केले. मठासाठी मद्य खरेदी करण्यास त्याला दूरच्या प्रांतात धाडीत. पाय अधू असल्यामुळे नावेवर त्याला पिंपांवरून लोळत लोळत सरकावे लागे. व्यवहाराचे ज्ञान शून्य! पण हे तुझेच काम आहे, असे मनोमन देवाला सांगून तो निघे आणि काम पार पडे.

त्याची साधना काय होती? ऐकून नवल वाटेल इतकी ती साधी होती. काम हाती घेण्यापूर्वी तो देवाशी दोन शब्द बोले आणि कृपा मागे; काम चालू असता मधूनमधून मन देवाकडे वळवी; काम संपले की त्याकडे एकवार पाही. बरे झाले असेल तर आभार मानी. चुकले असेल तर क्षमा मागे, आणि मग त्या चुकीला कवटाळून न बसता पुढच्या कामास लागे. प्रार्थनेची घटका आणि कामाची घटका असा भेद त्याच्या लेखी उरला नव्हता. एकाच वेळी चार जण चार वस्तू मागत असता, भांड्यांचा खणखणाट चालू असता, त्याचे चित्त मंदिरात गुडघे टेकल्याइतकेच स्थिर असे.

ही शांती त्याला अनायासे लाभली असेही कोणी समजू नये. मठातील पहिली सुमारे दहा वर्षे तो अंतर्यामी फार तळमळला. आपला उद्धार होणार नाही या भयाने त्याला ग्रासले होते. शेवटी आपले तरणे-बुडणे देवाच्या हाती सोपवून तो केवळ त्याच्या प्रेमासाठी काम करू लागला, तेव्हा ती तळमळ निमाली. उतारवयात त्याच्याकडे मठाच्या वहाणा शिवण्याचे काम आले. 12 फेब्रुवारी 1691 रोजी तो निवर्तला. जोझेफ द बोफोर नावाच्या धर्मगुरूने त्याच्याशी झालेल्या संभाषणांची टिपणे ठेवली होती. ती आणि त्याची पत्रे मिळून जे छोटेसे पुस्तक झाले, ते आज पंथापंथांच्या भिंती ओलांडून वाचले जाते. स्वयंपाक्याच्या बोलण्यातून निर्माण झालेला असा ग्रंथ विरळाच.

महाराष्ट्रातील भाविकाला हे वाचताना आपली माणसे आठवल्यावाचून राहणार नाहीत. अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारे सावता माळी, मडके घडविता घडविता नामात रंगलेले गोरोबाकाका, दळणकांडण करताना देवाला हाक मारणारी जनाबाई, ही परंपरा आमच्या रक्तात आहे. तथापि दोन साधने सारखी दिसली म्हणून ती एकच आहेत असे घाईने म्हणणे हाही एक प्रकारचा आळसच होय. ब्रदर लॉरेन्सची श्रद्धा ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर देवाच्या कृपेने तरतो, आणि तो देव एकदा मनुष्य होऊन सुताराच्या घरी राबला, या विश्वासावर ती उभी आहे. तिचे ते स्वतंत्र रूप मान्य करूनच तिच्यापासून शिकावे. त्यातच तिचा व आपलाही सन्मान आहे.

आता एका धोक्याचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. चूल हेच देवालय आणि काम हीच पूजा, ही वचने फार गोड आहेत. पण ती कोण कोणास सांगतो, यावर त्यांचा खरेखोटेपणा ठरतो. सणाच्या दिवशी पहाटेपासून पुरणावरणाच्या धगीत उभी असलेली सून आरतीच्या वेळीही बाहेर येऊ शकत नाही. अशा वेळी झोपाळ्यावर बसून, बाई गं, तुझी चूल हीच तुझी पूजा, असे तिला सांगणे हा अध्यात्माचा उपदेश नव्हे, तो फसवणुकीचा प्रकार आहे. ख्रिस्ती घरांतही नाताळच्या रात्री प्रार्थनेस जाताना कोणीतरी मागे भट्टीपाशी थांबतेच, आणि ते कोणीतरी बहुधा स्त्रीच असते.

शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या दोन बहिणींची कथा आहे. येशू घरी पाहुणा आला असता मार्था स्वयंपाकात गुंतली आणि मरिया त्याच्या पायांशी बसून उपदेश ऐकू लागली. मार्थेने तक्रार केली, तेव्हा येशूने मरियेला चुलीकडे पिटाळले नाही; तिचे ऐकण्याचे स्थान त्याने राखले. तसेच, मृत्यूपूर्वीच्या रात्री त्याने स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. गुरूने चाकराचे काम केले! याचा अर्थ उघड आहे. कामात देव आहे असे ज्याला सांगावयाचे असेल, त्याने प्रथम ते काम आपल्या हाती घेतले पाहिजे. ब्रदर लॉरेन्स हा पुरुष होता. त्याने दुसऱ्याला चुलीची थोरवी सांगितली नाही, स्वतः चुलीपुढे उभा राहिला. म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आले.

याच पंथाची धुरा ज्यांनी वाहिली त्या अव्हिलाच्या तेरेसा (1515–1582) यांनीही आपल्या मठभगिनींना हेच सांगितले होते की आज्ञेने स्वयंपाकघरात जावे लागले तर खंत मानू नये, कारण प्रभू तेथील भांड्याकुंड्यांतही वावरतो. त्या सांगण्याचा अधिकार त्यांना होता.

आपल्या मराठी मुलखातही श्रद्धेचा मोठा प्रश्न चुलीपाशीच सोडवावा लागल्याचे एक ठळक उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसारावर आकाश कोसळले. कित्येक वर्षांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या तरी सोवळे सुटले नव्हते; घर एक आणि स्वयंपाक वेगळे, अशी ती विलक्षण स्थिती होती. या बाईंनी तत्त्वज्ञानाची पुस्तके चाळून निर्णय घेतला नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे का चालत नाही, या रोजच्या प्रश्नाशी झगडत, माणसामाणसांतील भेद माणसांनीच केले आहेत या निष्कर्षाला त्या आल्या, आणि मगच पुढचे पाऊल पडले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सारे हसत-रडत सांगितले आहे. त्यांनी धर्म बदलला म्हणून त्यांचे कौतुक करावे असे आमचे म्हणणे नाही, आणि आमच्या वाचकांकडून ती अपेक्षाही नाही. आम्हांस मोल वाटते ते त्यांच्या सचोटीचे. मनाला जे पटले नाही ते त्यांनी पतीच्या आग्रहाखातर पत्करले नाही. आणि जे पटले ते लोकलज्जेस्तव लपविले नाही.

तेव्हा नाताळच्या या सणापासून काय घ्यावे? आम्हांस वाटते, दोन गोष्टी. उद्या सकाळी जे काम आपल्याला सर्वांत नकोसे वाटते, ते हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबून आपल्या आराध्यदैवताचे स्मरण करावे. मग ते दैवत पंढरीचे असो, तुळजापूरचे असो वा गव्हाणीत निजलेले असो. आणि घरात जो कोणी वर्षानुवर्षे एकट्याने ते काम करीत आला आहे, त्याच्या हातातील भांडे आपण घ्यावे आणि त्याला प्रथम देवापुढे बसू द्यावे. पहिल्या गोष्टीने काम पवित्र होईल, दुसरीने घर. पहिली करून दुसरी टाळली, तर आपली भक्ती मापाखाली झाकलेल्या दिव्यासारखी होईल: तेल जळेल, पण उजेड कोणालाच मिळणार नाही.