'नको' म्हणणारा नर्सरीवाला

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होते. आमची बागवेड्यांची चौकडी दर दोन-तीन महिन्यांनी उरुळी कांचनला जाते, डिकी भरून परत येते, आणि प्रत्येक वेळी घरचे तोच प्रश्न विचारतात, "कोपऱ्यावर झाडं मिळत नाहीत का? त्यासाठी तीस किलोमीटर कशाला?"

मिळतात की. हल्ली झाडं कुठेही मिळतात. मॉलमध्ये मिळतात, सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या शेजारी मिळतात, मोबाइलवर बोट टेकवलं की खोक्यात बंद होऊन दारात येतात. तरीही आम्ही एवढ्या लांब जातो, कारण तिथे एक माणूस आहे जो आम्हाला "हे नको घेऊ" असं सांगतो. माझ्या मते छोट्या नर्सरीतला सगळ्यात मोलाचा माल हाच आहे, आणि आपण त्याचीच किंमत करत नाही.

थोडं सविस्तर सांगते. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं, लोणी काळभोर मागे पडलं, की उरुळीच्या आसपास नर्सऱ्या सुरू होतात. उरुळी म्हटलं की जुन्या मंडळींना १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आठवतो, आम्हाला काळ्या पिशव्यांतली रोपं. यातल्या काही नर्सऱ्या अवाढव्य आहेत. ट्रक येतात, ट्रक जातात. बरीच झाडं थेट आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. कडियमचे लोक या कामात वाकबगार आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण तिथली बरीच झाडं घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात येतात. प्रवासात गोळा फुटत नाही, म्हणून ते सोयीचं. आपण मात्र तो गोळा जसाच्या तसा आपल्या भुसभुशीत मातीच्या कुंडीत ठेवतो. पाणी बाजूच्या मातीतून निघून जातं, गोळा आतून कोरडा राहतो किंवा भलताच ओला राहतो, आणि मुळं काही बाहेर पडत नाहीत. महिन्याभरात झाड मान टाकतं आणि आपल्याला वाटतं, आपल्या हाताला यशच नाही.

आता हे कोणी सांगायचं? ज्याने ते झाड कालच ट्रकमधून उतरवलंय त्याला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि असलं तरी सांगण्यात त्याचा काय फायदा?

आम्ही जिथे जातो ती नर्सरी जेमतेम वीस गुंठ्यांची. मालक स्वतः कलमं बांधतात, गुलाबाचे डोळे भरतात, मोगऱ्याच्या फांद्या दाबून रोपं करतात. मागच्या बाजूला त्यांची जुनी मातृझाडं आहेत, ज्यांच्या काड्या ते वापरतात. त्यामुळे झाड कुठून आलं, कधी केलं, उन्हात ठेवलेलं आहे की जाळीखाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. काही झाडं तेही बाहेरून आणतात, पण विचारलं की सरळ सांगतात.

एकदा आमच्यातली एक जण हायड्रेंजियाच्या निळ्या गुच्छांवर भाळली. दादा म्हणाले, "ताई, महाबळेश्वरला राहायला जाणार असाल तर न्या. पुण्याच्या एप्रिलात हे टिकायचं नाही." तिने विचारलं, "मग ठेवता कशाला?" तर म्हणाले, "लोक मागतात हो. पण तुम्ही नेहमीच्या, तुम्हाला कसं देऊ?" ती त्या दिवशी रिकाम्या हाताने परतली. (म्हणजे हायड्रेंजियाशिवाय. चार सायलीच्या वेली घेतल्याच तिने. :-) )

दुसऱ्या मैत्रिणीची गॅलरी चौथ्या मजल्यावर, पश्चिमेची. तिला शोभेच्या पानांची नाजूक झाडं हवी होती. दादांनी आधी तिची उलटतपासणी घेतली. ऊन किती वाजता येतं? वारा कसा आहे? गावाला गेलात की पाणी कोण घालतं? मग म्हणाले, तिथे बोगनवेल आणि अडेनियम लावा, ती पानं तिथे करपतील. तिने ऐकलं. आता तिची बोगनवेल खालून रस्त्यावरून दिसते.

हे प्रश्न मॉलमधला मुलगा विचारत नाही. त्यात त्याचा दोष नाही, तो कालपर्यंत कदाचित मोबाइलच्या काउंटरवर असेल. खोक्यातून येणाऱ्या झाडाला तर विचारणारं कोणी नसतंच. आमच्याच एका मैत्रिणीने एका साइटवरून हापूसचं कलम मागवलं. आलं ते कोयीचं रोप, कलमाचा जोडच कुठे नाही. आता हापूसची कोय लावली म्हणजे हापूसच येईल याची काही खात्री नसते, आणि फळासाठी वाट बघायची ती वेगळीच. पैसे परत मिळाले, पण पावसाळा गेला तो गेलाच.

तुम्ही म्हणाल, छोटे नर्सरीवाले काय सगळे साधुसंत असतात? मुळीच नाही. रोप हातात देऊन कलम म्हणणारे तिथेही आहेत. म्हणूनच मैत्रिणींबरोबर जावं असं माझं ठाम मत आहे. एकटीला मोह पडतो, चौघींना सहसा एकदम पडत नाही. आमच्यातली एक पिशवी उचलून आधी तळाशी मुळं गोल गोल फिरलीत का ते बघते. एक पानाच्या मागे मिलीबग शोधते. मी गुलाबाचा जोड बघते आणि जोडाखालून, म्हणजे जंगली खुंटालाच, धुमारे फुटलेत का ते पाहते. ते काढले नाहीत तर वरचा चांगला गुलाब मागे पडतो आणि खुंटच माजतो. शिवाय चौघींत एकच सोनटक्का घेतला तरी पुढच्या वर्षी गड्डे वाटून घेता येतात. एकीचं झाड गेलं तर दुसरीकडे ते असतंच.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. आम्ही तिथे असतानाच एक कुटुंब आलं होतं. दादांनी त्यांना अर्धा तास दिला, कुंडी केवढी घ्यायची, माती कशी करायची, सगळं समजावलं. शेवटी दीडशेच्या गुलाबावरून घासाघीस, आणि "ऑनलाइन स्वस्त आहे" म्हणून मंडळी निघून गेली. अर्धा तास फुकट! हीच मंडळी मॉलमध्ये छापील किमतीला एक शब्द बोलणार नाहीत.

अहो, त्या एका गुलाबामागे काय असतं ते बघा. आधी खुंट वाढवायचा, मग त्यावर डोळा भरायचा, तो धरला की वरचा भाग छाटायचा, मग कित्येक महिने रोज पाणी, तण, औषध. सगळे डोळे धरत नाहीतच, आणि गेलेल्यांचा खर्च जगलेल्यांवर पडतो. वर सल्ला मोफत. पुन्हा "नको" म्हणणारा माणूस स्वतःच्या हाताने त्या दिवसाची विक्री घालवत असतो. त्याने ते करत राहावं असं वाटत असेल, तर जे घेतो त्याला त्याने सांगितलेली किंमत आपण द्यायला हवी.

कारण हे फार दिवस चालेलच असं नाही. जागा भाड्याची आहे. जमिनीचे भाव काय झालेत ते मी सांगायला नको. मूळ मालकाच्या मनात प्लॉटिंग करायचं आहे, असं दादा मागच्या वेळी सहज बोलून गेले. पिशव्यांतली रोपं टेम्पोत भरून दुसरीकडे नेता येतील. जमिनीत रुजलेली मातृझाडं कशी न्यायची? त्यात एक जुनी कुसर आहे, एक नेवाळी आहे. ही नावं मॉलमध्ये विचारून बघा, समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ती झाडं गेली की त्यांच्या काड्या गेल्या, आणि त्या काड्या कधी, कशा लावायच्या हे ठाऊक असलेला माणूस दुसरा काहीतरी उद्योग बघणार.

प्लॉटिंग आपण थांबवू शकत नाही. पण गिऱ्हाईक म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत. वर्षातून एकदा फुलांच्या हौसेने जाण्याऐवजी अधूनमधून जात राहावं. रिकाम्या कुंड्या परत नेऊन द्याव्यात, त्यांना त्या उपयोगी पडतात. आणि नेलेल्या झाडाचं काय झालं ते जाऊन सांगावं, मेलं असलं तरी. आमचे दादा ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग होतो. जुन्या झाडांच्या एक-दोन वेली आपल्याही घरी नेऊन लावाव्यात, म्हणजे उद्या काड्या मागायला कोणी आलं तर देता येतील. कुसर आणि नेवाळी सध्या आम्ही चौघींनी वाटून घेतल्या आहेत.

तुमच्या गावाजवळ असा कोणी असेल तर मला जरूर कळवा, आणि पुढच्या वेळी गेलात की "काय घेऊ?" विचारायच्या आधी "माझ्याकडे काय जगणार नाही?" हे विचारून बघा. उत्तर द्यायला तो किती वेळ देतो, त्यावरून नर्सरी कशी आहे ते कळेल.