वकिलाला दोन वर्षे, डॉक्टरला किती?

दत्तभक्तांचे गाणगापूर ज्या अफझलपूर तालुक्यात येते, तिथल्या एका तरुणाने 1997 मध्ये एमबीबीएसला प्रवेश घेतला. शिक्षण पुरे होण्याआधीच, 2002 मध्ये, खुनाच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला. पुढे जन्मठेप झाली. तुरुंगातल्या बाह्यरुग्ण विभागात तो काम करत राहिला, चांगल्या वर्तणुकीमुळे 2016 मध्ये सुटला आणि अर्धवट राहिलेली पदवी पुरी करू द्यावी म्हणून विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठाने परवानगी दिली. 2019 मध्ये तो एमबीबीएस झाला आणि पुढच्या वर्षी इंटर्नशिपही संपली. तेव्हा तो चाळिशीत पोहोचला होता.

देशभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली, आणि कौतुक करावे अशीच ती आहे. पण ती वाचून ‘आपल्या आईला या डॉक्टरकडे नेऊ का?’ असे ज्याच्या मनात आले, त्यानेही ओशाळण्याचे कारण नाही. शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्याचा हक्क आहे. त्याच्यासमोर कपडे उतरवून निजणाऱ्या, त्याच्या हातून इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णालाही काही हक्क आहेत. या दोहोंची सांगड घालणे हे नियम करणाऱ्यांचे काम. आपल्याकडे ते कोणी मनावर घेतलेले नाही.

वकिलांचे पाहा. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळणार नाही. मात्र सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रता संपते. आमदार-खासदारांचे तसेच. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, तर सुटकेनंतर आणखी सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. हे आकडे पटोत न पटोत, निदान ते कागदावर आहेत. डॉक्टरांसाठी आजही 2002 ची आचारसंहिता लागू आहे. न्यायालयाने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवणे म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, एवढे ती सांगते. नाव नोंदवहीतून काढायचे की नाही, काढले तर किती काळासाठी, हे वैद्यक परिषदेच्या मर्जीवर. शिवाय या आचारसंहितेचा रोख आधीच डॉक्टर असलेल्यांवर आहे. शिक्षा भोगून पहिल्यांदाच नोंदणीला येणाऱ्याचे काय, हा विचार तिच्या कर्त्यांच्या मनात आला असावा असे वाटत नाही.

अपवाद एकच, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा. त्यात पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षे नाव काढायचे, दुसऱ्या वेळी कायमचे. नुसते आरोप निश्चित झाले, तरी खटला संपेपर्यंत नोंदणी निलंबित करता येते. याउलट, डॉ. पायल तडवी यांच्या 2019 मधील मृत्यूप्रकरणात आरोपी असलेल्या तीन डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पदव्युत्तर शिक्षण पुरे करू दिले, कारण गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. दोन्ही भूमिकांच्या मागे तर्क आहे. पण कुठल्या गुन्ह्याला कुठला तर्क लावायचा, हे एका जागी लिहिलेले नको का?

‘गुन्हेगाराला डॉक्टर करूच नका’ म्हणणाऱ्यांच्या हातात एक सज्जड उदाहरण आहे, मायकल स्वँगोचे. अमेरिकेतल्या ओहायोत इंटर्नशिप करताना या तरुण डॉक्टरच्या आसपास संशयास्पद मृत्यू झाले. रुग्णालयाने प्रकरण वाढवले नाही. नंतर इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी रुग्णवाहिकेवर काम करताना त्याने सहकाऱ्यांना खाण्यापिण्यातून आर्सेनिक घातले. 1985 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दोन वर्षांत तो बाहेर आला.

यापुढचा भाग जास्त भयंकर आहे. 1992 मध्ये त्याने साउथ डकोटातल्या एका प्रशिक्षण कार्यक्रमात जागा मिळवली, आणि तीही शिक्षा लपवून नव्हे. आपल्याला शिक्षा झाल्याचे त्याने सांगितले. फक्त ती बारमधल्या मारामारीबद्दल झाली होती, असे सांगितले आणि जोडीला बनावट कागद दिले. ते कागद खरे धरले गेले. बिंग फुटल्यावर तो न्यूयॉर्क राज्यात गेला, तिथेही तीच थाप मारून शिरला, आणि रुग्ण मरू लागले. मग झिम्बाब्वेतले मिशन रुग्णालय. 1997 मध्ये शिकागोच्या विमानतळावर तो पकडला गेला आणि 2000 मध्ये त्याने खुनांची कबुली दिली. त्याला जन्मठेप झाली.

स्वँगोला आजीवन बंदीने रोखले असते, हे खरे. पण क्विन्सीच्या न्यायालयात फोन करून निकालाची प्रत मागवली असती, तरी तो तिथेच थांबला असता. अर्जदार जे सांगेल ते गुन्ह्याचे वर्णन म्हणून स्वीकारायचे, ही खरी चूक होती. आणि स्वयंघोषणापत्रावर विसंबणाऱ्या आपल्या व्यवस्थेला ती परकी नाही.

ब्रिटनच्या हॅरल्ड शिपमनचे प्रकरण वेगळे आहे. 1976 मध्ये पेथिडिनसाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल त्याला 600 पौंड दंड झाला. वैद्यक परिषदेला हे ठाऊक होते. तिने ताकीद देऊन सोडले. पुढच्याच वर्षी तो मँचेस्टरजवळच्या हाइडमध्ये रुजू झाला. 2000 मध्ये 15 खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. चौकशी आयोगाच्या अंदाजाने बळींची खरी संख्या अडीचशेच्या आसपास होती. व्यसनात सापडलेला प्रत्येक डॉक्टर खुनी निघतो असे अजिबात नाही, कित्येक जण सावरून उत्तम काम करतात. त्यामुळे त्याला संधी दिली याबद्दल परिषदेला दोष देता येत नाही. संधी दिल्यावर त्याच्या हातातल्या औषधांवर कोणी नजर ठेवली नाही, हा दोष मात्र उरतो. ब्रिटनने 2012 च्या अखेरीस दर पाच वर्षांनी डॉक्टरांची फेरतपासणी सुरू केली, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता.

आता घरचे. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात 2012 मध्ये गर्भपातावेळी एका महिलेचा मृत्यू झाला. 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जामिनावर बाहेर आल्यावर, 2020 मध्ये, परवाना नसताना ते पुन्हा रुग्ण तपासत असल्याचे आरोग्य विभागाच्या पथकाला आढळले. इथे कायदा होता, शिक्षा झाली होती, परवाना गेलेला होता. तरीही रुग्ण येत होते, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातले काही कळण्याची सोय नव्हती.

म्हणून सरसकट बंदी आणि सरसकट माफी हे दोन्ही आळशी उपाय आहेत. रुग्णावरचा लैंगिक अत्याचार, विषप्रयोग, औषधांचा काळाबाजार यांना दार कायमचे बंद असावे; त्यात दयेला जागा नाही. पंचविशीच्या आत रागाच्या भरात घडलेला, रुग्णसेवेशी संबंध नसलेला गुन्हा असेल, तर शिक्षेनंतर ठरावीक वर्षे जाऊ द्यावीत, मग काही काळ वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम द्यावे आणि त्यानंतर पूर्ण नोंदणी. विद्यार्थी आंदोलनातल्या घोषणाबाजीसाठी कोणाची डॉक्टरकी अडू नये. पोलिस व सरकारी नोकऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2011 आणि 2016 च्या निकालांत तरुणपणीच्या किरकोळ गुन्ह्यांकडे साधारण याच नजरेने पाहिले आहे. माहिती लपवणाऱ्याला मात्र सवलत नको, आणि निकालाची प्रत अर्जदाराकडून न घेता परिषदेने स्वतः न्यायालयातून मागवावी.

महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिसंवादांचे श्रेयांक मोजले जातात. त्याच वेळी गुन्ह्यांची पडताळणी करायला फार यंत्रणा लागणार नाही. राज्याच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरची नोंदणी तपासता यावी म्हणून क्यूआर कोड आणला आहे. निलंबन, अटी आणि देखरेखीचा काळ हेही त्याच कोडवर दिसले पाहिजे. परदेशी जाणाऱ्या डॉक्टरला हीच परिषद सद्वर्तनाचे प्रमाणपत्र देते. लंडनच्या रुग्णासाठी जी चौकशी होते, ती परळीच्या रुग्णासाठीही व्हावी.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवी आचारसंहिता काढली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. म्हणजे नवा मसुदा कधी तरी लिहावा लागणारच आहे. त्यात या विषयाचे एक कलम घालण्यासाठी संसदेने नवा कायदा करण्याची गरज नाही. आयोगाने ते घालावे आणि किती वर्षे ते आकड्यात लिहावे.