सगळं जिंकून झाल्यावरचा एक सामना

१९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. दहापैकी दहा सामने जिंकून आपली टीम अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल खेळायला उतरली आणि ऑस्ट्रेलियाकडून हरली. त्याच ऑस्ट्रेलियाला आपण साखळी फेरीत चेन्नईला हरवलं होतं! दुसऱ्या दिवशी ऑफिसात, लोकलमध्ये, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद होता. दीड महिना सगळ्यांना हरवणारे भारी, की एका रात्रीत जिंकणारे?

हाच वाद अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दर डिसेंबरात रंगतो. तिथे तो क्रिकेटवरून नाही, कॉलेज फुटबॉलवरून होतो. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आधी थोडी ओळख. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या भिडूकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही तर चेंडू समोरच्या टीमकडे जातो. डावपेच ज्याच्या हातून सुरू होतात तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. आणि कॉलेजचा खेळ म्हणून हलक्यात घेऊ नका. अलाबामा, टेनेसी, लुइझियाना इथल्या विद्यापीठांची स्वतःची स्टेडियम आहेत आणि त्यांत एकेका सामन्याला लाखभर माणसं बसतात.

ही विद्यापीठं आपापले गट करून खेळतात. त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. दक्षिणेतला सगळ्यात दबदबा असलेला गट म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, थोडक्यात एसईसी. तो १९३२ मध्ये स्थापन झाला. त्याचा चॅम्पियन ठरवायची पद्धत साठेक वर्षं अगदी साधी होती. हंगाम संपला की गुणतक्ता बघायचा, जो वर तो चॅम्पियन. सगळे सगळ्यांशी खेळायचे नाहीत, त्यामुळे बरोबरी व्हायची. १९८९ मध्ये तर अलाबामा, टेनेसी आणि ऑबर्न या तिघांनी विजेतेपद वाटून घेतलं. देशाचा चॅम्पियन ठरवायची रीत याहून अजब होती. पत्रकार आणि कोच मतं द्यायचे, आणि ज्याला मतं जास्त तो देशात पहिला.

१९९० मध्ये रॉय क्रेमर एसईसीचे कमिशनर झाले. त्याआधी ते सेंट्रल मिशिगन विद्यापीठाचे कोच होते आणि १९७४ मध्ये त्यांच्या टीमने डिव्हिजन टू, म्हणजे छोट्या विद्यापीठांच्या स्पर्धेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. छोट्या विद्यापीठांची दुनिया त्यांना आतून माहीत होती. कॉलेज खेळांच्या नियमपुस्तकात एक कलम होतं, तेही मुळात या छोट्या विद्यापीठांच्या सोयीसाठी आलेलं. गटात किमान १२ टीम असतील आणि त्यांचे दोन विभाग केले असतील, तर दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये एक जादा सामना खेळवता येईल. हंगामात किती सामने खेळायचे याची जी मर्यादा असते, तिच्यात हा सामना धरला जाणार नाही. बड्या विद्यापीठांपैकी कुणी या कलमाकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

एसईसीत तेव्हा दहा टीम होत्या. अर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना आत घेतलं आणि बाराचा आकडा पुरा झाला. पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग पाडले. १९९२ पासून फायनल खेळायची असं ठरलं.

म्हणजे सोय छोट्यांसाठी होती आणि फायदा बड्यांनी उचलला. आपल्याला हे काही नवीन नाही, नाही का?

पण गटातले सगळेच खूश होते असं नाही. कोच मंडळींची भीती रास्त होती. समजा एखादी टीम अख्खा हंगाम अपराजित राहिली. दुसऱ्या गटातली अपराजित टीम नोव्हेंबरअखेर घरी आराम करणार, आणि आपली टीम डिसेंबरात आणखी एक सामना खेळणार. त्यात हरली तर गटाचं विजेतेपद जाणार आणि देशाचंही. जे हातात आहे तेच डावावर लावायचं!

पहिल्याच वर्षी नेमकं तेच समोर आलं. ५ डिसेंबर १९९२, बर्मिंगहॅम शहरातलं लीजन फील्ड, ८३ हजारांवर प्रेक्षक. एका बाजूला अलाबामा, अकरापैकी अकरा सामने जिंकलेली. दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा, तीन सामने हरलेली. गुणतक्त्याने पाहिलं तर वाद घालायला जागाच नव्हती. पण अलाबामाची २१-७ अशी आघाडी फ्लोरिडाने भरून काढली आणि शेवटच्या टप्प्यात गुण झाले २१-२१. चेंडू फ्लोरिडाकडे होता. साडेतीन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता. क्रेमर यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल याची कल्पना करा. आपणच आणलेल्या या सामन्याने आपल्याच गटाची सर्वोत्तम टीम पडली असती, तर पुढच्या वर्षी तो झालाही नसता कदाचित.

फ्लोरिडाच्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू अलाबामाच्या अँटोनियो लँगहमने मध्येच पकडला आणि २७ यार्ड पळत जाऊन थेट गुण मिळवले. अलाबामा २८, फ्लोरिडा २१. १ जानेवारीला अलाबामाने सलग २९ सामने जिंकून आलेल्या मायामीला ३४-१३ असं हरवलं आणि देशाचं विजेतेपद आणलं.

या लँगहमचं पुढे काय झालं तेही ऐका. कॉलेज खेळाडूंनी खेळातून पैसा कमवायचा नाही, असा तेव्हा कडक नियम होता. मायामीवरच्या विजयानंतर त्याने एका एजंटबरोबर करार केला आणि तरी पुढचा हंगाम तो कॉलेजकडून खेळला. हे उघड झाल्यावर अलाबामाचे १९९३ चे आठ विजय रद्द झाले. स्टेडियम भरायची, तिकिटं विकली जायची, टीव्हीचे पैसे यायचे, आणि ज्याच्या धावण्यावर हे सगळं उभं राहिलं त्याच्या हाती शिष्यवृत्ती. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. माझ्या मते फार उशिरा.

१९९४ मध्ये फायनल अटलांटाच्या बंदिस्त जॉर्जिया डोममध्ये गेली. थंडी नाही, पाऊस नाही. २०१७ पासून ती त्याच शहरातल्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये होते. बाकीच्या गटांनी पाहिलं की हा धंदा चांगला आहे. बिग ट्वेल्व्ह गटाने १९९६ मध्ये आपली फायनल सुरू केली, नंतर इतरांनीही.

कोच मंडळींची ती भीती मात्र खोटी नव्हती. २००१ मध्ये टेनेसी देशात दुसऱ्या क्रमांकावर होती. ही फायनल जिंकली की राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना पक्का. समोर लुइझियाना स्टेटची टीम, तिचा क्वार्टरबॅक सामन्यात जखमी झाला, राखीव खेळाडू मॅट मॉक मैदानात आला आणि त्याने टेनेसीला ३१-२० असं हरवलं. २०१२ मध्ये जॉर्जिया अलाबामाविरुद्ध ३२-२८ अशी मागे होती. शेवटची काही सेकंदं उरली होती. चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून वळला आणि तो जॉर्जियाच्याच खेळाडूने गोलरेषेपासून पाच यार्डांवर पकडला. पकडल्यामुळे खेळ थांबला नाही आणि घड्याळ संपलं. चेंडू खाली पडला असता तर घड्याळ थांबून आणखी एक प्रयत्न मिळाला असता! अलाबामा पुढे जाऊन देशाची विजेती झाली.

मला या फायनलची सगळ्यात आवडती गोष्ट २०१८ ची वाटते. त्या वर्षी जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌स याला मध्यंतरात बाहेर बसवलं. त्याच्या जागी आलेल्या टुआ टागोवाइलोआने जॉर्जियाविरुद्ध सामना जिंकून दिला. पुढच्या हंगामात जागा टुआचीच. हर्ट्‌स बाकावर. दुसरं कॉलेज धरता आलं असतं, पण तो थांबला. १ डिसेंबरला एसईसीची फायनल आली. तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. चौथ्या सत्रात टुआचा पाय दुखावला. अलाबामा सात गुणांनी मागे. आणि कोचने हर्ट्‌सला आत पाठवलं.

त्याने आधी पास देऊन बरोबरी साधली. मग एक मिनिट आणि चार सेकंद उरली असताना चेंडू घेऊन स्वतःच १५ यार्ड पळाला. ३५-२८. ज्या मैदानावर त्याला उठवलं होतं त्याच मैदानावर. पुढे तो ओक्लाहोमाला गेला, मग व्यावसायिक लीगमध्ये, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता मात्र या फायनलचं गणित बदलतंय. २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर एसईसीत १६ टीम झाल्या. पूर्व-पश्चिम विभाग मोडीत निघाले, गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन टीम फायनल खेळतात. त्याच वर्षी राष्ट्रीय प्लेऑफमध्ये चारऐवजी १२ टीम घ्यायला सुरुवात झाली. म्हणजे गटाची फायनल हरली तरी चांगल्या टीमचा रस्ता बंद होत नाही.

पहिल्याच वर्षी काय झालं बघा. जॉर्जियाने टेक्ससला जादा वेळेत २२-१९ असं हरवलं. विजेती म्हणून तिला प्लेऑफची पहिली फेरी माफ होती. पण त्याच फायनलमध्ये तिचा क्वार्टरबॅक कार्सन बेक याच्या कोपराला दुखापत झाली. त्याच्याशिवाय जॉर्जिया उपांत्यपूर्व फेरीत नोत्र दामकडून हरून घरी गेली. फायनल हरलेली टेक्सस मात्र उपांत्य फेरीपर्यंत पोचली. मग ही फायनल हवीच कशाला, असं आता उघडपणे विचारलं जातंय. स्टेडियम तरीही भरतंच.

ही फायनल डिसेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आसपास असते. अटलांटात दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट उजाडायची असते, रात्रीचे अडीच. गजर लावणार असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.